खराट्याच्या चार काड्या

हर्डीकरसाहेबांनी नोकरीत अकरा पूल बांधले, पण निवृत्तीनंतर ओट्याखालच्या कपाटाचं एक दार काही त्यांना बसवेना. बिजागरीचा स्क्रू सैल झाला की ते आणखी जाड स्क्रू पिळायचे आणि भोक आणखी मोठं व्हायचं. तिसऱ्यांदा दार निखळलं ते थेट साहेबांच्या अंगठ्यावर! त्यात संध्याकाळी व्याही जेवायला येणार होते.

"लाकूडच कुजकं आहे!" साहेब गरजले.

त्यांच्या बायकोने, कुमुदताईंनी, खराट्याच्या चार काड्या मोडल्या, गोंदात बुडवून भोकात ठासल्या आणि वाळल्यावर जुनाच बारका स्क्रू पिळला. दार गुपचूप जागेवर बसलं.

साहेबांना ते पचेना. पंगतीत ते व्याह्यांना म्हणाले, "आमच्याकडे आता खराट्यावर दारं उभी राहतात! अहो, भार पेलतो तो स्क्रू. काडीची काय लायकी?"

कुमुदताई भात वाढताना थांबल्या. "तुमचा स्क्रू भलामोठा होता की! पण त्याला आतून धरणारं कोणी नव्हतं, म्हणून तीनदा पडला. तुम्ही आपल्या संसाराच्या चौतीस वर्षांत एकदा तरी पडलात का?"