बाभळीच्या शेंगा

माळावर अजून रस्ता झाला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. गेल्या जत्रेत एका तरुण एडक्याकडून हरलेला म्हातारा एडका यंदा त्याच्याशीच पुन्हा टकरीला उतरला आणि कसाबसा जिंकला. कपाळावर गुलाल होता, पण त्याला चैन पडेना. सरावाच्या बाभळीभोवती तो येरझाऱ्या घालत राहिला.

“पुढच्या जत्रेलाही उतरू ना गं?”

“धडक देऊन बघ,” बाभळ म्हणाली.

पूर्वी त्याच्या एका धडकेने शेंगांचा सडा पडायचा, म्हणून कोकरं धावत आली. त्याने धडक दिली. एकही शेंग पडली नाही. तो पुन्हा मागे सरला. मान खाली घालून त्याने शिंगं रोखली.

तेवढ्यात, वारा नसताना, शेंगा खाली पडल्या. कोकरं तुटून पडली.

“मी तर अजून धडकलोच नव्हतो,” एडका बाभळीला म्हणाला.