छबूबाईंची भुवई

"आता यात खोट कुठे आहे, मॅडम?"

शार्दूलने काचेची बशी पुढे सरकवली. थंड सलाईनमध्ये केस मुळांसकट ओळीने निजले होते. सूक्ष्मदर्शकाखाली त्याने ते एकेक करून सुटे केले होते. एकही मूळ दुखावलं नव्हतं.

डॉक्टर कुमुद देवस्थळींनी बशीत पाहिलं. केसरोपण शिकायला डॉक्टर लांबून त्यांच्याकडे साताऱ्याला येत. शार्दूल त्यांतला सगळ्यांत सफाईच्या हाताचा, आणि हे त्यालाही ठाऊक होतं.

"हे बाजूला काढलेले?"

"वाकडे आहेत. सरळ तेवढेच निवडले."

"कुणासाठी?"

"पेशंटसाठी. डावी भुवई."

"कोण पेशंट?"

शार्दूल केसपेपर शोधू लागला.

"जा, भेटून ये."

"आत्ता? मुळं बाहेर आहेत, मॅडम."

"बर्फावर आहेत. जा."

पडद्यापलीकडे छबूबाई उताण्या पडल्या होत्या. भूल फक्त मानेमागे, केस काढले तिथे दिलेली, चेहरा अजून जागा होता. एके काळी त्यांच्या लावणीला तंबू भरायचा. स्टोव्हच्या भडक्यात भुवई गेली, तेव्हापासून त्या फडात मागे उभ्या राहून सूर धरायच्या.

शार्दूल अवघडून म्हणाला, "बाई... भुवई कशी हवी?"

"आता तोंडानं काय सांगू, डॉक्टर? बघा."

त्यांनी जिभेवरच ढोलकी धरली. बोल चढत गेले... आणि एकदम थांबले.

त्या शांततेत उजवी भुवई हळूच वर गेली, टोकाशी वळली, आणि तिथेच थबकली. डावीकडची उघडी कातडीही तिच्या मागोमाग वर सरकली.

नर्स फिसकन हसली. शार्दूलच्या तोंडून नकळत "वा!" निघून गेलं.

"एवढ्यावर फेटे उडायचे!" छबूबाई म्हणाल्या.

तो हसतच परतला. पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. सरळ केस त्या वळणावर खराट्यासारखे उभे राहिले असते. बाजूला काढलेले वाकडे केस त्याने चिमट्याने अलगद उचलले आणि एकेक पुढे घेतला.

बशीत वाकड्या केसांची नवी ओळ लागली.

"मॅडम, हे मला आधीच का नाही सांगितलंत?"

पलीकडे ढोलकीचे बोल पुन्हा सुरू झाले होते. कुमुदताई त्यावर मान डोलवत होत्या.

"सांगितलं असतं, तर तू नुसतं ऐकलं असतंस. बघितलं नसतंस."