पुराचा पहिला फोन

पूर आला की सोनवडीत घरोघरी आपोआप फोन जाईल, अशी नवी यंत्रणा नगरपालिकेने सभेत तपासायला घेतली होती. मुख्याधिकारी सबनीस तिच्यावर इतके खूश, की नदीकाठचा जुना भोंगा काढून टाकायचा ठरावही त्यांनी त्याच सभेत आणला.

नगरसेविका द्वारकाताई भोई नदीकाठच्याच. गेल्या पुरात भोंगा ऐकूनच त्यांची गल्ली वेळेत टेकडीवर पोचली होती. त्यांनी विचारलं, "साहेब, लोकांनी फोन उचललाच नाही तर?"

"जिवावर बेतल्यावर कोण उचलणार नाही? काहीतरीच अडाण्यासारखं विचारता, ताई!"

सभागृह हसलं. ताईंना ते लागलं, पण त्या उठून तिथेच बसलेल्या यंत्रणेच्या तंत्रज्ञाकडे गेल्या, चाचणीसाठी त्याला एक नंबर लिहून दिला आणि जागेवर येऊन बसल्या.

साहेबांचं भाषण पुन्हा रंगलं. तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. अनोळखी नंबर बघून त्यांनी तो कट केला. पुन्हा वाजला, पुन्हा कट. तिसऱ्यांदा कट करताना ते वैतागलेच. "हे प्लॉट विकणारे धड बोलूही देत नाहीत!"

"प्लॉटवाले नाहीत, साहेब," द्वारकाताई उठून म्हणाल्या. "तो पुराचा फोन होता. तुम्ही तीनदा कापलात. आमच्या भोंग्याला कापायचं बटणच नाही!"

हशा इतका उसळला की साहेबांनाही हसू आवरेना. ठराव त्यांनी स्वतःच मागे घेतला. यंत्रणाही मंजूर झाली, पण तिचा नंबर आधी घरोघरी कळवायच्या अटीवर. साहेबांनी तो तिथल्या तिथे मोबाइलमध्ये साठवला, ताईंनी सांगितलेल्या नावाने: 'उचला, पूर आलाय.'