गुळावाचून पुरणपोळी

क्रूझ एका दिवसासाठी त्रिनिदादला थांबली आणि सुमिंत्राबाईंच्या डाळपुरीच्या, म्हणजे वाटलेली डाळ भरलेल्या पोळीच्या, गाड्यापुढे प्रवाशांची रांग लागली. पहिलाच घास घेऊन निवृत्त सचिव अप्पासाहेब टिपणीस गरजले, “अहो, ही तर आमची पुरणपोळी! पण गूळ कुठाय? चार पिढ्यांत पोळीसुद्धा विसरलात?”

लोक हसले, काही पांगूही लागले. धंदा बुडण्यापेक्षा पणजीकडून आलेली पोळी हसण्यावारी गेली, हे सुमिंत्राबाईंना लागले.

“विसरलो नाही, साहेब,” त्या शांतपणे म्हणाल्या. “पणजीला हिंदुस्थानातून इथे आणलं तेच ऊस तोडायला. गोड होतं ते सगळं बोटींत भरून गोऱ्या मालकाच्या देशी गेलं. आमच्याकडे घामाचं मीठ उरलं, तेच पुरणात घातलं.”

अप्पासाहेबांनी टोपी काढली. “बाई, आणखी एक हवी,” एवढेच म्हणून ते रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.