परत आलेलं फूल

फार फार वर्षांमागे, जेव्हा देव माणसांच्या जरा जवळ राहत असत, तेव्हाची ही गोष्ट. समुद्राच्या कुशीत एक गाव होतं. गावाच्या टोकाला महादेवाचं देऊळ आणि देवळासमोर पांढऱ्या वाळूची पुळण.

त्या गावात घाटावरची एक सून नांदायला आली. गुणाची, हसतमुख. पण दोनदा तिची कूस भरली आणि दोनदा रिकामी झाली. तिसऱ्यांदा दिवस राहिले, तेव्हा तिने देवापुढे पदर पसरला आणि पाच सोमवारांचं समुद्रस्नानाचं व्रत घेतलं.

गावाची एक रीत होती. आधी तगरीचं फूल पाण्यावर सोडायचं, सात लाटा होईतो थांबायचं, मग न्हायचं. का, ते कुणी सांगत नसे. सासूला तिच्या सासूने सांगितलं, तिने सुनेला सांगितलं.

चार सोमवार झाले. दर वेळी लाटा ते फूल फेसासकट तिच्या पायाशी आणून टाकायच्या. सून कंबरभर पाण्यात बुडी मारायची, देवाला नमस्कार करून घरी यायची. पण मन खट्टू व्हायचं.

"सासूबाई, देव माझं फूल घेतच नाहीत. परत देतात."

"घेतील गो," सासू म्हणायची. "देवाला कसली घाई? घाई आपल्याला."

पाचवा सोमवार उजाडला. आभाळ धुतल्यासारखं निळं होतं. पण दोन दिवसांमागे दूर समुद्रात कुठेतरी वादळ झालं होतं, त्याचा जोर आता किनाऱ्याला पोचला होता. रोजच्या जागी पुरुषभर लाटा फुटत होत्या. सून बिचकली. व्रत शेवटच्या दिवशी मोडायचं, तेही पोटात बाळ असताना?

मग तिला दिसलं, वीसेक पावलांवर लाटांच्या मधून पाण्याची एक संथ वाट आत गेली होती. तिथे लाट नाही, फेस नाही. पाणी जरा गढूळ, एवढंच. तिचं माहेर नदीकाठचं. पाणी फेसाळतं तिथे धोंडे, संथ असतं तिथे बायकांचा घाट, हे तिला लहानपणापासून ठाऊक.

तिने तिथे फूल सोडलं. ते मागे आलं नाही. कुणी हाताला धरून न्यावं तसं सरळ आत गेलं. तिसरी लाट फुटेतो त्याचा ठिपका झाला.

सुनेचे डोळे भरून आले. "घेतलंस रे देवा." उरलेल्या लाटा मोजायला ती थांबलीच नाही, पाण्यात शिरली.

पलीकडे एक म्हातारी कोळीण वाळू उकरून तिसऱ्यांचे शिंपले वेचत होती. तिने मान वर केली. "ए सूनबाई, तिथं नको जाऊ."

"आजी, देवाने वाट दिली आहे. माझं फूल घेतलं त्याने."

"ते गेलं म्हणूनच सांगतेय. मागं फिर."

पण तोवर सुनेच्या पायांखालची वाळू सरकली. गुडघाभर पाणी गळ्याशी आलं. ती किनाऱ्याकडे हात मारू लागली, पण मारावा एक हात आणि मागे जावं दोन हात. तिने एका हाताने पोट सांभाळलं.

म्हातारी टोपली टाकून काठाने धावली. "पाण्याशी भांडू नको गो. पाठीवर पड. दम घे. मग सरळ नको, आडवी ये, लाटा फुटतात तिकडं."

लाटांकडे? त्यांनाच तर ती बिचकली होती. पण तिने देवाचं नाव घेतलं आणि म्हातारीचं ऐकलं. पाठीवर पडून श्वास घेतला, मग हळूहळू कडेकडेने लाटांकडे वळली. पहिली लाट डोक्यावरून गेली. दुसरीने तिला पुढे ढकललं. तिसरीने वाळूवर आणून ठेवलं, चार सोमवारांच्या फुलासारखं.

म्हातारीने तिला जवळ घेतलं, पदराने डोकं पुसलं.

"पोरी, फूल परत येतं तिथनं माणूस परत येतं. फूल जातं तिथनं माणूसही जातं. आणि ही वाट काही एका जागी राहत नाही. वाळू हलली की तीही हलते. म्हणून दर खेपेला नवं फूल."

सून म्हणाली, "आजी, माझं व्रत मोडलं का हो?"

"अंगावरनं तीन लाटा गेल्या. आणखी किती न्हायचंय तुला?"

तेव्हा पोटात बाळाने हळूच पाय मारला. सून रडता रडता हसली.

यथावकाश तिला मुलगी झाली. बारशाला म्हातारीचा पाट सगळ्यांत पुढे मांडला होता. तेव्हापासून गावात ती रीत कारणासकट सांगू लागले. पुढे सात वर्षांची पोर आईचं बोट धरून पुळणीवर यायची, फूल सोडून लाटा मोजायची आणि म्हणायची, "आलं गं आई. परत आलं."

तिचं फूल जसं परत आलं, तसं तुमचं-आमचं माणूस सुखरूप घरी परत येवो.

बोध: रीत पाळावी, पण तिचं कारण विचारून पाळावी, ते उमगलं की रीतच आपली राखण करते.