अंग चोरणारी वीट

नव्या कमानीला खालून तोलून धरणारा लाकडी सांगाडा बोटभर खाली सरकला आणि तांबडीने अंग आणखीच आखडून घेतलं. ही गोष्ट फार जुनी, गावांच्या वेशीला विटांच्या कमानी असत तेव्हाची. तांबडी ही कमानीच्या माथ्यावर सर्वांत शेवटी बसवलेली वीट. शेजारणींना आपला भार नको, म्हणून बिचारी सकाळपासून अंग चोरून बसली होती.

गावाची रीत अशी, की सांगाडा काढला की गवंड्याच्या घरच्यांनी पहिली पंगत कमानीखालीच मांडायची. त्याप्रमाणे रखमाजी गवंडी सांगाड्याखालच्या पाचरी एकेक करून काढत होता आणि त्याची लेक हौसेनं पानं मांडत होती.

तांबडीने घिरट्या घालणाऱ्या पाकोळीला थांबवलं. “पाकोळीबाई, मी निसटले तर त्या पोरीच्या डोक्यातच पडेन हो. तुम्ही देशोदेशी फिरता. तिकडची घरं कशी उभी राहतात?”

“बर्फाचे घुमट पाहिले, त्यांच्या लाद्या एकमेकींना खेटून बसलेल्या,” पाकोळी म्हणाली. “पाणथळीतल्या उंच बोरूच्या गवताची घरं पाहिली, तिथे त्याच्या मोळ्या वाकून एकमेकींवर रेललेल्या. अंग चोरणारं मात्र कुणी दिसलं नाही बाई.”

इतक्यात शेवटची पाचर निघाली. तांबडीने डोळे घट्ट मिटले आणि कशीबशी हाक मारली, “शेजारणींनो, टेकू का गं जरा?”

डावीकडून आणि उजवीकडून एकदमच उत्तर आलं, “टेक की गं, भवाने. तुझी वाट बघून आमचे खांदे अवघडले.”