विश्वंभरचं रक्त

"चरबी? माझ्या रक्तात?"

विश्वंभरने रिपोर्ट अक्कांच्या पुढ्यात आपटला.

साताऱ्यात त्याच्या योगवर्गाचं मोठं नाव होतं. अक्का त्याच्या गुरू, नदीकाठच्या मठात राहायच्या. महिन्यापूर्वी त्याचा धाकटा भाऊ हृदयविकाराने गेला, तेव्हा त्यांनीच त्याला रक्त तपासायला लावलं होतं.

"लॅबवाल्यांनी घोळ घातला असणार म्हणून दुसरीकडे गेलो. तिथेही वाईट कोलेस्टेरॉल तेवढंच! तूप सोडून वर्षं झाली मला. पहाटे सूर्यनमस्कार घालतो. आणि तो पोट सुटलेला डॉक्टर मला गोळी लिहून देतो!"

"भाऊ काय खायचा?"

"काय वाट्टेल ते! तळलेलं, मटण..."

"आणि वडील?"

"वडील माळकरी होते."

"कशाने गेले?"

विश्वंभर खाली बसला.

"...छातीत कळ येऊन. डॉक्टर म्हणतो, घराण्यातून येतं. मग माझ्या साधनेला काही अर्थच नाही का?"

अक्कांनी फडताळातली डबी काढली. एक गोळी तळहातावर घेतली, पाण्याबरोबर गिळली.

"ही कसली?"

"तुला दिलीय तसलीच."

तो ताडकन उठला. फसवल्यासारखं वाटलं त्याला.

"तुम्ही गोळ्या घेता? बोलला नाहीत कधी! आणि मी वर्गात सांगत सुटलोय, आसनं करा, गोळ्या फेका! तुमचं नाव घेऊन सांगतो, अक्का!"

"कुणी फेकल्या?"

त्याचा आवाज एकदम खाली आला.

"यमुनाबाई शेट्यांनी... हृदयाचा झटका येऊन गेलाय त्यांना. भर वर्गात कचऱ्याच्या टोपलीत टाकल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

"तू?"

"...मीही."

अक्कांचा चेहरा लाल झाला. आवाज चढला नाही, पण डबी त्यांनी खाडकन बंद केली. त्यांनी त्याची पिशवी उचलली आणि त्याच्या छातीवर दाबली.

"नीघ. आधी त्या बाईंना डॉक्टरकडे घेऊन जा. उद्या वर्गात सगळ्यांसमोर सांग, मी चुकलो. तुझ्या-माझ्या गोळीचंही सांग."

"लोक हसतील, अक्का. इतक्या वर्षांचं तप मातीत जाईल."

"तप?"

अक्कांनी दार उघडून धरलं.

"ते उद्यापासून."